बॉलमधलं बाळ

माझी बायको वारली हे हॉस्पिटलला कळलं, तेव्हा तिला जाऊन पंधरवडा उलटला होता.

यात हॉस्पिटलचा दोष नाही. ती तिथे वारली नाही. सकाळी दुकान उघडताना ती पायरीवर बसली आणि "अहो, जरा थांबा" म्हणाली. मी थांबलो. पुढे ती काही बोलली नाही.

नातेवाईक येऊन गेले. लेक आली, राहिली, तिची रजा संपली, ती गेली. ज्यांना कळवायचं त्यांना तिनेच कळवलं. हॉस्पिटल तेवढं राहून गेलं. हॉस्पिटल म्हटलं की आजारी माणूस आठवतो, आणि बायको कधी आजारी नव्हती. ती हॉस्पिटलला बाळं शिवून द्यायची.

तिचा फोन मी गल्ल्याजवळ चार्ज करून ठेवत होतो. लेक जाताना म्हणाली होती, "बाबा, तो बंद करून टाका आता." मी हो म्हणालो होतो. तो वाजला.

"काकू, आपलं बाळ कुठवर आलं?"

आवाज उंच डॉक्टरचा होता. तिथल्या मोठ्या मॅडमच्या हाताखालचा हा. दुकानात शिरताना वर टांगलेल्या रॅकेटींना हटकून डोकं आपटायचा, म्हणून बायको त्याला बांबू म्हणायची. तोंडावर म्हणायची. तोही ओ द्यायचा.

"काकू नाहीत," मी म्हणालो.

"बरं. कधी येतील?"

"येणार नाहीत. वारल्या."

पलीकडे कुठेतरी एक ट्रॉली गेल्याचा आवाज आला.

"काका, सॉरी. कधी?"

"झाला पंधरवडा."

"आम्हाला कोणी काही..."

"राहून गेलं."

"नाही, नाही, असू दे. तुम्ही जेवलात का, काका?"

"आत्ता सकाळ आहे."

"हो, बरोबर." मग तो म्हणाला, "आणि बाळ?" आणि लगेच, "नाही, म्हणजे मला तसं नव्हतं म्हणायचं."

"काही हरकत नाही," मी म्हणालो.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. नाहीतर एखाद्याला वाटायचं, बायकोचे काहीतरी भलतेच उद्योग होते.

माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बॅटला मूठ चढवणं, रॅकेटच्या तारा ओवणं, उसवलेले बॉल शिवणं ही कामं मी करतो. बायको मागच्या खोलीत मशीनवर किटबॅगा आणि बॅटची कव्हरं शिवायची. काही वर्षांपूर्वी एक बाई दुकानात आल्या. त्यांनी पर्समधून मोजायची टेप काढली आणि म्हणाल्या, "मला एवढ्या घेराचा बॉल हवाय. आत निम्म्यापर्यंत पाणी भरलं तर गळायला नको आणि भोकं पाडली तर फुटायला नको."

मी विचारलं, "खेळ कुठला?"

"खेळ नाही. गर्भाशय."

माझ्याकडे व्हॉलीबॉल होता. तो मापाला बरोबर बसला. भोकांभोवती मी सायकलच्या ट्यूबचे पॅच लावून दिले.

त्या मॅडम पोटातल्या बाळांच्या डॉक्टर. त्यांच्या हॉस्पिटलात दुसरं काही चालतच नाही. जन्माआधी बाळात काय बिघाड आहे ते शोधायचं आणि जमण्यासारखं असेल तर जन्माआधीच दुरुस्त करायचं. कुणाचं हृदय, कुणाची लघवीची वाट. आमचा संबंध आला तो पाठीशी. काही बाळांचा पाठीचा कणा खालच्या बाजूला मिटत नाही. चेन लावायची राहून गेल्यासारखा उघडाच राहतो. आतल्या नसा बाहेर पडतात आणि पोटातल्या पाण्यात रोज थोड्या थोड्या खराब होत जातात. बाळ झाल्यावर पाठ शिवता येते, पण तोवर पायांतली ताकद बरीच गेलेली असते. पोटातच शिवली तर काही बाळांची वाचते. सगळ्यांची वाचत नाही. मॅडम हे प्रत्येकाला सांगतात, न विचारता सांगतात. आणि हे सगळं सव्वीस आठवड्यांच्या आत करायचं. त्यानंतर त्या हात लावत नाहीत.

करायचं कसं, तर आईच्या पोटाला बारीक भोकं पाडून नळ्या आत घालायच्या. आतलं थोडं पाणी काढून घ्यायचं, त्या जागी वायू भरायचा. एका नळीतून कॅमेरा, बाकीच्यांतून चिमटा आणि सुई. बघायचं स्क्रीनकडे आणि शिवायचं पोटात. घडी घालून बसलेलं बाळ असतं वीतभर. म्हणून मॅडमची पद्धत अशी की, आईला हात लावण्याआधी तिच्याच बाळाच्या मापाच्या बाहुलीवर तालीम करायची. बाहुली बॉलमध्ये, बॉल टेबलावर. बाहुलीच्या पाठीवर खाटकाकडची कोंबडीची कातडी ताणून बसवायची. भूल देणारे डॉक्टर, सिस्टर, सगळे खऱ्यासारखे आपापल्या जागी. तालीम साफ झाली तर ऑपरेशन. तालीम नाही तर ऑपरेशन नाही.

सुरुवातीला त्यांनी बाजारातली प्लास्टिकची बाहुली वापरली. तिच्यात सुई जाईना. मॅडम दुसरा बॉल न्यायला आल्या त्या वैतागलेल्याच होत्या. मागच्या खोलीतून बायको म्हणाली, "मऊ शिवून देऊ का?"

तिचं पहिलं बाळ मॅडमनी उलटसुलट करून पाहिलं. "काकू, मान फार लांब झाली. हे बदक आहे."

बायकोला राग आला. दुसऱ्याचा बेडूक झाला, तेही मॅडमनीच सांगितलं. तिसरं झालं ते बाळ. त्यानंतर एखाद्या बाईची तपासणी पुरी झाली की बायकोच्या फोनवर मापं यायची. डोकं एवढं, मांडी एवढी, पाठीवरचं भोक एवढं आणि कुठल्या मणक्याशी, पाऊल सरळ की वळलेलं. तसं ती शिवायची. एकदा तिने विचारलं होतं, "मॅडम, मुलगा शिवू की मुलगी?"

"पाठ शिवा, काकू," मॅडम म्हणाल्या होत्या.

चेहरा ती देत नसे. मी एकदा म्हटलं, दोन डोळे तरी काढ. तर म्हणाली, "नाकडोळे काढले तर मला द्यावंसं वाटणार नाही." दिलेलं बाळ परत येत नसे. तालमीत त्याला कापायचे, शिवायचे, वर कोंबडीचं रक्त. काम झालं की पिवळ्या पिशवीत आणि पिशवी भट्टीत.

तर फोनवर आता मॅडम आल्या.

"काका, वाईट झालं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला हे आत्ता विचारू नये. पण विचारते. एक मुलगी आहे, पहिलटकरीण. तिची मापं काकूंना पाठवली होती. येत्या आठवड्यात तिला सव्वीस पुरे होतात. काकूंनी काही केलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. बाळ मशीनशेजारच्या पत्र्याच्या डब्यात होतं. डोकं, हात, पाय, पाठ, सगळं झालेलं. पोटाची शिवण तेवढी निम्मी राहिली होती, आणि निम्म्यावर सुई टोचलेली होती, दोऱ्यासकट. शिवता शिवता कशाला उठावं लागलं की ती सुई अशी टोचून ठेवायची आणि परत आली की तिथूनच पुढे सुरू करायची. मला ती सुई काढायची नव्हती. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मी रोज डबा उघडून बघत होतो आणि परत बंद करत होतो.

"बाहुली बाहेरून मागवली तर यायला महिना जाईल," मॅडम म्हणाल्या.

"आणि नाही मिळाली तर?"

"तर बाळ झाल्यावर शिवायचं."

"मी करून देतो," मी म्हणालो. "मापं फोनवर आहेत ना."

"तुम्हाला येतं?"

"शिवायला येतं."

संध्याकाळी लेकीला सांगितलं.

"तुम्ही बाहुली शिवणार, बाबा?"

"आयुष्यभर बॉलच शिवले ना."

"बॉलला पाय नसतात."

"म्हणून तर वेळ लागतोय."

"आईने काही करून ठेवलं नव्हतं?"

"नाही."

"बाबा."

"काय?"

"काही नाही. वेळेवर जेवा."

तीन दिवस लागले, पण मी बाळ केलं. बायकोच्याच कपाटातलं कापड घेतलं, तिचाच कापूस. मान बेताची ठेवली, बदक होऊ दिलं नाही. डावं पाऊल आत वळलेलं हवं होतं, ते वळवलं. पाठीवरचं भोक मॅडमनी दिलेल्या मापाचं कापलं आणि कडेने कातडी बसवायची पट्टी लावली. एका गोष्टीची मी विशेष काळजी घेतली, ती म्हणजे वजन. चांगला बॉल कुठूनही धरा, वजन सारखं लागतं. एका अंगाला जड बॉल गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणून आपटतं. मी बाळात वजन इतकं सारखं भरलं की, बादलीत सोडलं तर कुठल्याही कुशीवर छान तरंगत होतं. मला बरं वाटलं. बायको गेल्यावर पहिल्यांदाच कशाने तरी बरं वाटलं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत घालून हॉस्पिटलात गेलो. वरच्या मजल्यावर लांबलचक बाकं आहेत, त्यांवर बायका बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो होते, ते कुणी बघत नव्हतं. मला थांबायला सांगितलं. मी एका बाकाच्या टोकाला बसलो. शेजारी एक सासू आणि एक सून.

"तुमचं कोण आहे इथे?" सासूने विचारलं.

"कोणी नाही. सामान द्यायला आलोय."

"कसलं सामान?"

मी काही बोलायच्या आत सून पिशवीकडे बघायला लागली. पिशवीतून एक पाय बाहेर आला होता.

"डावा आहे," ती म्हणाली.

"हो."

"आत वळलेला."

"हो."

"माझं आहे का ते?"

मला तिथे कोणी नावं सांगत नाही, आणि मी विचारतही नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही." पण तिने तोवर बाळ बाहेर काढलं होतं. तिने ते पालथं केलं, पाठीवरच्या भोकाला करंगळी लावून पाहिली आणि म्हणाली, "माझंच आहे."

"अगं, हात नको लावूस," सासू म्हणाली. "कुठलं काय असतं."

"आई, मी नाही लावणार तर कोण लावणार?"

सासूने बाळ तिच्याकडून घेतलं. हात लावू नकोस म्हणणारीनेच घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. "याला चेहराच नाही."

"चेहरा बाळ झाल्यावर बघू."

"नाक आमच्याकडचं नको, एवढंच म्हणणं आहे माझं," सासू म्हणाली. "माझ्या मुलाने घेतलं ते पुष्कळ झालं."

सून हसली. मग तिने बाळ परत घेऊन आपल्या पोटाशी धरलं, कपडा विकत घेताना अंगाला लावून बघतात तसं. "एवढं झालंय?" तिने मला विचारलं.

"मापाप्रमाणे एवढं झालंय."

"तुम्ही शिवता का ही?"

"बायको शिवायची."

"आता नाही शिवत?"

"नाही."

तेवढ्यात बांबू मला बोलवायला आला. सुनेने बाळ पिशवीत ठेवलं, डोकं आधी.

तालमीच्या खोलीत मी भिंतीशी उभा राहिलो. बाळ बॉलमध्ये गेलं, बॉलची शिवण मी बंद केली. तेवढं काम माझं नेहमीचं. पाणी भरलं, हवा भरली, नळ्या गेल्या. स्क्रीनवर कोंबडीची कातडी आणि मधलं भोक दिसलं. मॅडमनी चिमटा नेऊन कातडीच्या कडेला टेकवला.

बाळ फिरलं. पाठ खाली, पोट वर.

मॅडमनी चिमट्याने हळूच वळवून घेतलं. ते वळलं, थांबलं नाही, आणखी एक पूर्ण फेरी मारून परत पोट वर करून राहिलं. बांबूने बाहेरून बॉल दाबून धरला. मग ते दुसऱ्या कुशीवर फिरलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "हे बाळ स्पिन टाकतंय." कोणी हसलं नाही, म्हणून तेही दुसरीकडे बघायला लागले.

थोड्या वेळाने मॅडमनी चिमटा बाहेर काढला. "काका, काकूंचं बाळ पाण्यात ठेवलं की पाठ आपोआप वर राहायची. पोटात त्या काहीतरी जड घालायच्या."

"काय घालायच्या?"

"कधी विचारलं नाही. तुम्ही काय घातलंत?"

"सगळीकडे सारखं भरलं," मी म्हणालो. "एका अंगाला जड नको म्हणून."

"बॉलवाल्याने केलं की..." बांबू म्हणाला आणि नळ्या काढायला लागला.

"आजच वजन बदलून आणतो."

"याला कातडी लागली. हे आता बाहेर नेता येत नाही, पिशवीतच जाणार." मॅडमनी हातमोजे काढले. "परवा थिएटर मिळालंय. त्यानंतर तिचे सव्वीस होतात. उद्या तालीम झाली तरच. नवं उद्यापर्यंत होईल?"

"नाही."

"काका, काकूंनी केलेलं खरंच काही नाही? अर्धवट असलं तरी चालेल."

"नाही," मी म्हणालो. पहिल्या वेळेपेक्षा या वेळी सोपं गेलं.

बाहेर आलो. सासूसून तिथेच बसल्या होत्या. मी तसाच जिन्याकडे जाऊ शकलो असतो.

"झालं का, काका?" सुनेने विचारलं.

"नाही झालं. फिरत होतं. वजन चुकलं माझं."

"मग आता?"

"आता काय," सासू म्हणाली, "घरी जायचं." आणि तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. आधीच घट्ट होतं.

सून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाळ झाल्यावर शिवतातच." ती माझी समजूत घालत होती. मला बाकावर बसायला जागा करून देत होती. तिचा एक हात पोटावर होता. तो तिने मी आल्यापासून काढलेला नव्हता, माझं बाळ बघतानाही नाही.

"दुसरं आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

"घरी."

"मग उभे काय राहिलात?" सासू म्हणाली. "आणा की!"

घरी येऊन मी डबा उघडला. बाळ बाहेर घेतलं. सुई काढायच्या आधी, उघड्या राहिलेल्या शिवणीतून आत बोट घालून पाहिलं. पोटात कापडाची एक छोटी थैली होती. थैलीत शिशाच्या गोळ्या होत्या, मासे पकडायच्या गळाला लावतात त्या. माझ्याच दुकानातल्या.

गेली काही वर्षं माझ्या दुकानातून या गोळ्या नाहीशा होत होत्या. माझा संशय शेजारच्या गॅरेजवाल्यावर होता. त्याला मासेमारीचा नाद आहे. मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बायकोला हे सगळं माहीत होतं. ती म्हणाली होती, "जाऊ द्या हो, असेल कुणाला तरी गरज."

मी खुर्चीत बसून हसलो. घरात एकट्याने हसताना फार विचित्र वाटतं.

मग सुई काढली आणि तिथून पुढे शिवलं. तिचे टाके बारीक, माझे जरा मोठे, कुठून माझं सुरू झालं ते स्पष्ट दिसत होतं. दोरा शेवटपर्यंत पुरला. गाठ मारली. बादलीत सोडून पाहिलं. पाठ वर आली आणि वरच राहिली. मी बोटाने ढकललं. ते हललं आणि परत होतं तसं झालं.

सकाळी ते मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी ते बघितलं आणि पोटाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्ये एका जागी थांबला.

"हे काकूंचं आहे."

"हो."

"काल तुम्ही..."

"नाही म्हणालो होतो."

"बरं," त्या म्हणाल्या. सिस्टरने कातडी आणली. ती बसवण्याआधी मॅडम माझ्याकडे वळल्या. "कापू ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. विचारायचं काही कारणही नव्हतं.

"कापायलाच आणलंय," मी म्हणालो.

तालीम बराच वेळ चालली. बाळ पालथं पडून राहिलं, चिमटा लागला की किंचित डुलायचं, इतकंच. भोकाची कड ओढून जवळ येईना, म्हणून मॅडमनी दोन्ही बाजूंनी कात्री घालून ती सैल केली. कात्री कातडीखालच्या कापडात गेली. पाठीची शिवण उसवली. स्क्रीनवर बायकोचा एकेक टाका हाताच्या बोटाएवढा दिसत होता, आणि कात्रीत आला की दोन्हीकडे मागे सरत होता. मी बॉलकडे बघत राहिलो. बॉल गळत नव्हता. पॅच नीट बसले होते.

पहिल्यांदा एक गाठ सुटली. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा." कातडी बदलली, सगळं परत पहिल्यापासून केलं. दुसऱ्या वेळी पाठ मिटली. मॅडमनी वरून पाणी सोडून पाहिलं. आत गेलं नाही.

"उद्या करू," त्या म्हणाल्या.

सगळे हातमोजे काढायला लागले. बांबूने बाळ बॉलमधून बाहेर काढलं आणि पिवळ्या पिशवीपाशी नेलं. तिथे तो थांबला. त्याने मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, हे काकांना..."

"नियमात बसत नाही," मॅडम म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "कोंबडी लागलीय, काका."

"माहीत आहे," मी म्हणालो. बांबूने ते हळू ठेवलं. नेहमी टाकतात, त्याने ठेवलं. मग पिशवीचं तोंड बांधलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी दुकानात होतो. सासूने माझा नंबर मागून घेतला होता. मला माझा आठवेना, म्हणून बायकोचाच दिला होता. दुपार टळल्यावर तो वाजला.

"झालं हो," सासू म्हणाली. "पाठ मिटली म्हणाल्या तुमच्या मॅडम."

"आणि पाय?"

"पाय काय आत्ताच चालून दाखवणार आहे का? थांबायचं. सोनोग्राफीत डावा हलला म्हणाल्या. उजव्याचं काही बोलल्या नाहीत."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही विचारलं. सुनेलाही म्हटलं, नको विचारूस. तर म्हणाली, मी केव्हाच विचारलंय. तिला माहीत आहे, मला सांगत नाहीये. बाळ व्हायला अजून अवकाश आहे. तोवर झोपून राहायचंय तिला. मी करते सगळं. तुमच्या मंडळींना सांगा, त्यांचं शिवण कामाला आलं."

"सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला समोरून जाताना मी त्याला हाक मारली. तो दचकला. मी म्हणालो, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "का, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." तो आला, बसला, चहा प्यायला. गोळ्यांचं मी काही बोललो नाही, त्यानेही काही विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाला, "वहिनी गेल्या तेव्हा यायला हवं होतं. म्हटलं, तुम्ही बोलत नाही तर कसं यायचं." मी म्हणालो, "आलास ते बरं झालं."

नंतर मॅडमचा फोन आला. त्या बाळाच्या उजव्या पायाचं काही ते जन्मल्याशिवाय सांगता येणार नाही, असं त्या न विचारता म्हणाल्या. आणि मग विचारलं, दुसऱ्या एका बाईची मापं पाठवू का. बाहुली बाहेरून मागवायची तर आत्ताच मागवावी लागेल, तेव्हा हो की नाही ते आजच सांगा.

मी हो म्हणालो. या बाळाचे दोन्ही पाय सरळ आहेत. डोकं झालंय, हात झालेत, पोटात गोळ्या घातल्यात. पाठ अजून करायची आहे.